सुटीचा सूर

“किती वेळ चालतं हे?” मेजर प्रेंटिसनी मनगटावरचं घड्याळ बघत विचारलं.

“धून संपेपर्यंत,” आमचे कर्नल ड्युअर म्हणाले.

“म्हणजे किती?”

“वाजवणाऱ्याच्या दमावर असतं ते.”

मेजरसाहेबांना हे उत्तर रुचलं नाही. ते एडिंबरोच्या मोठ्या कचेरीतून आमची पलटण मोडायला आले होते, आणि त्यांना ती वेळेत मोडायची होती. सदुसष्ट सालचा मार्च महिना. स्कॉटलंडमधलं बालनार्डी नावाचं तागाच्या गिरण्यांचं गाव, त्या गावाचा कवायतीचा हॉल, आणि हॉलच्या मधोमध मी, सिदोजी नलवडे, तालुका गडहिंग्लज, गुडघ्यापर्यंतचा किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा घागरा, घालून, काखेत बॅगपाइप धरून उभा. हसू नका. बेळगावला मराठा पलटणीत मी बॅगपाइपच वाजवायचो. गोरे गेले, पण जाताना हा बाजा आमच्या गळ्यात बांधून गेले. पलटणीतली नोकरी संपल्यावर पोटासाठी मी त्यांच्या मुलखात गेलो, एवढंच.

बालनार्डीची पलटण अर्धवेळ होती. पगारी शिपाई तिच्यात औषधालाही सापडला नसता. सार्जंट गिलीजची बेकरी होती. टॉमी रीड पोस्टमन. कर्नल ड्युअर आठवडाभर वकिली करायचे, लोकांची मृत्युपत्रं लिहायचे. मी बस कंडक्टर. मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटलं की सगळे हॉलवर जमायचे, कवायत करायचे, उन्हाळ्यात डोंगरात कॅम्पला जायचे आणि लढाई आली की खरोखर लढायला जायचे. शंभराच्या वर वर्षं हे असंच चाललं होतं. आता सरकारला असल्या पलटणी नकोशा झाल्या होत्या. बंदुका आधीच लॉरीत भरून गेल्या होत्या. रविवारी शेवटची परेड होती आणि शनिवारी दुपारी मेजर प्रेंटिस तालीम बघायला आले होते.

“कर्नल, मी साधं विचारतो,” मेजर म्हणाले. “तुम्ही विसर्जनाचा हुकूम दिला की पलटण सुटते. मग मागाहून ही धून कशाला?”

“इथं हुकमानं पलटण सुटत नाही,” कर्नल थोडं ओशाळून म्हणाले. “शेवटच्या सुरानं सुटते.”

ही बालनार्डीची रीत होती. पलटण उभी राहिली तेव्हाचा पहिला कप्तान शेतकरी गडी. त्याचे शिपाई मेंढपाळ आणि गिरणीवाले. कवायत संपली की कोण अजून शिपाई आणि कोण मोकळा यावरून रोज भांडणं व्हायची. तेव्हा त्यानं सांगितलं, बाजा वाजतोय तोवर तुम्ही शिपाई, शेवटचा सूर थांबला की आपापल्या मेंढरांकडे जा. तेव्हापासून कर्नलनं विसर्जन म्हटलं तरी कुणी जागचं हलायचं नाही. एकटा पाइपवाला पुढे यायचा, सुटीची धून वाजवायचा, तिच्या शेवटी एक लांब सूर धरायचा. तो सूर थांबला की माणसं मोकळी. एका मंगळवारी धून चालू असताना टॉमी रीडची मेहुणी दारात येऊन ओरडली, “अरे, बाळंत होतेय ती!” टॉमी घामानं निथळत उभा राहिला, सूर थांबला आणि मग असा पळाला की टोपी हॉलमध्येच राहिली. मुलगी झाली. दुसऱ्या एका मंगळवारी शेवटच्या सुराच्या वेळी वाजवणाऱ्याला शिंक आली, सूर तुटला. पाइप मेजरनं, म्हणजे पाइपवाल्यांच्या म्होरक्यानं, धून पहिल्यापासून घ्यायला लावली आणि सगळी पलटण पुन्हा ऐकत उभी राहिली. कुणी कुरकुरलंसुद्धा नाही. असले खुळे लोक होते, आणि मला ते फार आवडायचे.

“आणि वाजवणार कोण? म्हातारा पाइप मेजर तर आजारी आहे ना?”

“नलवडे वाजवेल.”

मेजरांनी माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग किल्टकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

“हा?”

“बस कंडक्टर आहे,” कर्नल घाईघाईनं म्हणाले, जणू मेजरांची शंका माझ्या धंद्याविषयीच होती.

“तसं नाही. उद्या वर्तमानपत्रवाले फोटो काढणार. गावाची पलटण, गावाचा शेवटचा पाइपवाला. गावातलाच कुणी असता तर बरं दिसलं असतं. माझा काही आक्षेप नाही, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका.”

कर्नल हॉलच्या कोपऱ्यातल्या शेगडीकडे बघू लागले. भला माणूस, पण वकील. दोन्ही बाजू दिसायच्या त्यांना.

माझं डोकं सणकलं. मी एक पाऊल पुढे टाकलं. टाच अशी आपटली की हॉल घुमला.

“साहेब, बोलू?”

“बोल.”

“ही धून कुठं लिहिलेली नाही. तोंडी शिकवतात, एकानं एकाला. आज ती दोघांना येते. एक पाइप मेजर मॅकफी, त्यांच्या छातीत आता दम नाही. दुसरा मी. तिसरा कुणी सापडला तर त्याला किल्ट घाला, मी बाजूला होतो.”

सार्जंट गिलीज मागे खोकला. तो हसणं दाबताना असाच खोकायचा.

“ठीक आहे,” मेजर म्हणाले. “पण आटोपशीर. मला गाडी पकडायची आहे.”

*

तालीम संपल्यावर मी आर्ची मॅकफीच्या घरी गेलो. आमचा पाइप मेजर. जन्मभर गिरणीत बंगालचा ताग पिंजला, त्याची धूळ छातीत बसली. पाइप फुंकणं सोडाच, चहा फुंकतानाही त्याला धाप लागायची. माझी आणि त्याची ओळख बसमध्ये झाली. तो मागच्या बाकावर एक चाल गुणगुणत होता आणि तिकिटाच्या यंत्रावर माझी बोटं नकळत तीच चाल वाजवत होती. तिकीट घेताना तो म्हणाला होता, “तुझं तिसरं बोट उशिरा पडतं.” त्याचा थांबा यायच्या आत त्यानं मला पलटणीत यायला सांगितलं. मी म्हटलं, “मी इथला नाही.” तो म्हणाला, “मी कुठं तुला ‘इथला का’ म्हणून विचारलं? बोट उशिरा पडतं म्हणालो.”

त्याआधी त्या गावात माझ्याशी कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं. बसमध्ये काही बाया सुट्टे पैसे माझ्या तळहातावर टाकायच्या नाहीत, बाकावर ठेवायच्या. मंगळवारी संध्याकाळी मात्र मी पाइपर नलवडे असायचो, आणि सूर थांबेपर्यंत मला कुणी दुसरं काही म्हणू शकत नव्हतं. सुटीची धून शिकवायला आर्चीनं कितीतरी वर्षं घेतली. तबल्याचे असतात तसे तिचे बोल असतात. ते तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा आणि मी बोटं चालवायचो. चुकलं की माझ्या मनगटावर पेन्सिल मारायचा.

त्या दुपारी तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. मी त्याला मेजरांची सगळी हकीकत सांगितली. तो हसला, मग बराच वेळ खोकला.

“उद्या मला घेऊन चल,” तो म्हणाला. “पुढच्या रांगेत खुर्ची ठेव.”

“डॉक्टर काय म्हणतील?”

“डॉक्टर आपल्याच पलटणीचा आहे. तोच ढकलेल.” मग ‘द’ न वळणाऱ्या जिभेनं म्हणाला, “सिडोजी, शेवटचा सूर नीट धर. काठोकाठ. जीव जाईपर्यंत धर आणि मग साफ सोड. एकदा सगळ्यांना सुटी होऊन जाऊ दे.”

“होय, पाइप मेजर.”

“डोनल्डलासुद्धा.”

डोनल्ड त्याचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात हाच पलटणीचा पाइपवाला होता. फ्रान्समध्ये एका सकाळी तो वाजवत पुढे गेला, त्याच्या मागून निम्मी पलटण गेली आणि त्यांतला कुणी परतला नाही. आर्ची तेव्हा शाळेत होता.

“त्यांना कुणी सुटी दिलीच नाही,” आर्ची म्हणाला. “वाजवणाराच गेला. माझी आई म्हणायची, डोनल्ड अजून ड्यूटीवर आहे. मी हसायचो तिला. आता हसू येत नाही. पलटणच राहणार नाही म्हटल्यावर तो तिथं एकटा कुणासाठी उभा राहायचा? सूर साफ सोड.”

मी शब्द दिला.

घरी आलो तर हौसा, माझी बायको, किल्टच्या घड्यांवर इस्त्री फिरवत होती. तिला त्या घड्यांचं भारी कौतुक.

“माझ्या लुगड्याला नऊ वार आन् तुमच्या घागऱ्याला आठ,” ती म्हणाली. “एका वारानं तुम्ही हरलासा.” मग माझं तोंड बघून तिनं इस्त्री बाजूला ठेवली. “काय झालं ओ?”

“उद्यापासनं ह्यो घागरा न्हाई.”

“मग मंगळवारी काय करायचं तुम्ही?”

ते तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

रविवारी सगळं गाव मैदानावर लोटलं. सकाळी पलटणीचं निशाण चर्चमध्ये ठेवून झालं होतं. आता मोकळ्या हातांनी पलटण उभी होती, बंदुकांशिवाय, त्यामुळे हात कुठं ठेवायचे ते गड्यांना कळत नव्हतं. आर्चीची खुर्ची पुढे होती. अंगावर कोट, छातीवर पदकं, गुडघ्यांवर घोंगडी. डॉक्टर पाठीमागे उभे. गर्दीत हौसा नऊवारीवर जाड कोट घालून टॉमीच्या बायकोशेजारी उभी होती.

भाषणं झाली. मेजर प्रेंटिस चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. पलटणीनं इतिहासात मानाचं स्थान मिळवलं आहे, असं म्हणाले. माझ्या मनात आलं, अहो, ती इथं तुमच्यासमोर उभी आहे. इतिहासात कसली घालता?

कर्नलसाहेबांनी शेवटचा हुकूम दिला. त्यांचा आवाज मधेच फाटला.

“पलटण, विसर्जन!”

कुणी हललं नाही. मी पुढे आलो, पिशवीत हवा भरली, कोपर दाबलं आणि खांद्यावर टेकलेल्या भोंग्यांचा सूर लागला. मग मी सुटीची धून धरली.

मोठी धून नाही ती. हळू चढते, डोंगराच्या कडेनं वळल्यासारखी वळते आणि खाली येते. मी चांगलं वाजवत होतो. तिसरं बोट वेळेवर पडत होतं. समोर सार्जंट गिलीज रडत होता आणि डोळे पुसायला हात उचलत नव्हता, कारण तो अजून ड्यूटीवर होता. धून खाली येऊ लागली. आता शेवटचा सूर राहिला होता.

तेवढ्यात मेजर प्रेंटिसनी घड्याळ पाहिलं.

बाकी काही नाही. नुसतं मनगट वळवलं आणि पाहिलं. त्यांना गाडी पकडायची होती. माझ्या मनात आलं, या सुराची वाट हा एकटाच बघतोय. इथं उभ्या असलेल्या एकालाही तो नको आहे आणि मी तो याच्या हातात देणार. मग गिलीज पाव भाजायला जाईल, मी बसमध्ये चढेन, बाया बाकावर पैसे ठेवतील आणि मंगळवारी संध्याकाळी मी घरात बसून भिंतीकडे बघेन. मला असा राग आला की काय सांगू. आणि रागाच्या बरोबरीनं, का कोण जाणे, आनंदही झाला.

मी कोपर सैल केलं. पिशवीवर तळहात मारून भोंगे गप्प केले. शेवटचा सूर वाजवलाच नाही.

दोन पावलं मागे घेऊन मी सावधानमध्ये उभा राहिलो. गावातल्या पोरासोरांनाही ती धून कुठं संपते ते माहीत होतं. सगळे तो सूर येण्याची वाट बघत होते. तो आला नाही.

पलटण उभीच.

“झालं ना?” मेजर कर्नलना म्हणाले. “सोडा त्यांना.”

“मी हुकूम दिलेला आहे,” कर्नल म्हणाले.

मेजर पलटणीकडे वळले. “गड्यांनो, परेड संपली. तुम्ही जाऊ शकता!”

एक पाय हलला नाही.

“सार्जंट! काय प्रकार आहे हा?”

सार्जंट गिलीज नाकासमोर बघत म्हणाला, “धून संपलेली नाही, साहेब.”

मेजर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. नाकाचा शेंडा लाल झाला होता. “पुरी कर.”

“दम संपला, साहेब.”

“दम संपला? तू आत्ता...”

“संपला, साहेब. बस कंडक्टर आहे मी. दुमजली बसचे जिने चढून चढून छाती गेली.”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मेजरांनी ओठ आवळले. मग त्यांना कालचं माझंच बोलणं आठवलं असावं. ते वळले आणि थेट आर्चीच्या खुर्चीकडे गेले. आर्चीला दिलेला शब्द मी त्याच्या डोळ्यांदेखत, सगळ्या गावासमोर मोडला होता. एका शिंकेसाठी पलटणीला पुन्हा उभं करणारा माणूस तो. त्यानं नुसतं “सिडोजी, वाजव” म्हटलं असतं, तर मी वाजवलं असतं. त्याच्यापुढे माझी हिंमत नव्हती.

“पाइप मेजर,” मेजर मऊ आवाजात म्हणाले, “ही धून तुम्हाला येते. फुंकायला नको. तुम्ही नुसता शेवटचा सूर तोंडानं म्हणा. तेवढ्यानं भागेल ना?”

भागलं असतं. तोंडानं म्हटलेले बोल म्हणजे वाजवलेले, अशीच रीत होती.

आर्चीनं माझ्याकडे पाहिलं. मग पलटणीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. तोंड उघडलं. दम घेतला.

“काय सांगू, साहेब,” आर्ची म्हणाला. “आठवत नाही.”

“आठवत नाही?”

“सगळी धून आठवते. शेवटचाच सूर आठवत नाही. म्हातारपण, दुसरं काय!”

मेजरांनी कर्नलकडे पाहिलं. आता मात्र कर्नल ड्युअर शेगडीकडे बघत नव्हते. तशी शेगडी तिथं नव्हतीही.

“मेजर,” ते म्हणाले, “तुमचा हुकूम मी पाळला. कागदावर मी सही करतो, पलटण आज संपली. पण ही माणसं मला सोडता येत नाहीत, कारण त्यांना सोडणारे दोघंही असमर्थ आहेत. आता यांना इथं उभं ठेवून तर चालणार नाही.” त्यांनी पाठ ताठ केली. एवढा मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. “पलटण! डावीकडे वळ! आपापल्या घराकडे, पुढे चल!”

मी पिशवी पुन्हा भरली. आता सुटीची धून नाही, कूच करायची चाल. डॉक्टरांनी खुर्ची ढकलली आणि आर्ची सगळ्यांच्या पुढे, माझ्या शेजारून निघाला. मेजर प्रेंटिसना आम्ही सलाम केला. त्यांनीही केला, अगदी कडक. एवढं मात्र मान्य करायला हवं.

मग आम्ही गावभर चाललो. ज्याचं घर येईल तो रांगेतून बाहेर पडे, दारात जाई आणि तिथं वळून सावधानमध्ये उभा राही. कुणी टोपी काढली नाही. गिलीज बेकरीच्या दारात उभा राहिला. टॉमी रीड आपल्या फाटकाशी, आणि शेजारी त्याची ती मुलगीही छाती काढून. कर्नलसाहेब आपल्या वकिलीच्या पाटीखाली. प्रत्येक वळणावर मागे पावलांचा आवाज कमी होत गेला. शेवटी डॉक्टरही त्यांच्या दाराशी थांबले आणि मी बाजा थांबवून खुर्ची स्वतः ढकलू लागलो. हौसा मागून चालत होती.

आर्चीच्या दाराशी आलो. मला राहवलं नाही.

“पाइप मेजर, मी शब्द मोडला.”

“मोडलास.”

“डोनल्डसाठी तुम्ही म्हणाला होता, साफ सोड.”

आर्ची रस्त्याकडे बघत होता. तिथून खालपर्यंत सगळी दारं दिसत होती आणि दारांत अजून माणसं उभी होती.

“राहू दे त्याला,” आर्ची म्हणाला. “आता तो एकटा नाही ड्यूटीवर.”

मग त्यानं माझ्या मनगटावर बोटानं टिचकी मारली, पेन्सिल जवळ नव्हती म्हणून. “मंगळवारी ये.”

मंगळवारी हॉलला सरकारी कुलूप होतं. मी कंडक्टरच्या गणवेशातच गेलो. कुलपासमोर गिलीज पिठाच्या हातांनी उभा होता, टॉमी पोस्टाची पिशवी घेऊन, आणखी पुष्कळ जण. आर्ची खुर्चीत बसून म्हणाला, “उशीर झाला तुला. रांगेत ये.”

आर्ची त्याच वर्षी हिवाळ्यात गेला. आम्ही नोकरी संपवून गडहिंग्लजला परत आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पाइप खुंटीला आहे, फुंकायला छाती नाही. पण दर मंगळवारी संध्याकाळी मी बूट चकचकीत करतो, ओट्यावर बसतो आणि सुटीची धून गुणगुणतो. आता ती जगात मला एकट्याला येते. शेवटाजवळ आलो की थांबतो.

हौसा आतून ऐकत असते. “आवं,” परवा ती म्हणाली, “किती वर्सं झाली. आता तरी सोडा की त्या बिचाऱ्यास्नी घरी.”

“घरीच हायती ती,” मी म्हणालो. “पन सुटल्याली न्हाईत.”